निहाली : सातपुड्याच्या पायथ्याची एकाकी भाषा

मोसम आणि गिरणा यांच्या संगमावर वसलेल्या मालेगावला भाषांचे सहजीवन नवे नाही. मराठी, अहिराणी व उर्दू येथे एकाच बाजारपेठेत नांदतात. गिरणा पुढे तापीला मिळते. त्याच तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाल समाजाची काही गावे आहेत. या समाजाच्या निहाली भाषेचे भाषक आज अवघे दोन-अडीच हजार उरले असावेत.

संख्येने अल्प असली तरी या भाषेचे मोल असामान्य आहे. मराठी आर्य भाषाकुलातील, गोंडी द्राविड कुलातील, तर शेजारची कोरकू मुंडा गटातील. निहालीचे नाते मात्र यांपैकी कोणत्याही कुलाशी निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. तिने कोरकू व मराठीतून विपुल शब्द घेतले. दोन, तीन, चार या संख्यांची नावे द्राविड वळणाची आहेत. परंतु पाण्याला ‘जोप्पो’ आणि अग्नीला ‘आपो’ म्हणणारा तिचा मूळ शब्दसंग्रह स्वतंत्र आहे. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. के. एस. नागराज यांचे निहालीविषयीचे पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ मध्ये प्रकाशित केले. विद्वानांनी दखल घेतली. समाजाने घेतली काय?

निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेजारी राहिले, त्यांच्या शेतांवर राबले. कामाची भाषा कोरकू, बाजाराची व शाळेची मराठी. निहालीला उरला तो केवळ घराचा उंबरठा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल कोरकूंसमवेत एकाच नोंदीत येतात. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची जनगणनेच्या प्रकाशित तक्त्यांत स्वतंत्र नोंद होत नाही. ज्यांची गणनाच नाही, त्यांच्यासाठी योजना कशी आखली जाणार?

अंदमानात २६ जानेवारी २०१० रोजी बोआ सीनियर या वृद्धेचे निधन झाले आणि ‘बो’ भाषा तिच्यासमवेत संपली. अखेरच्या वर्षांत तिच्याशी त्या भाषेत बोलणारे कोणीही उरले नव्हते. निहालीवर ती वेळ अद्याप आलेली नाही. तिचे भाषक हयात आहेत, हीच आशा आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. निहाली मुलांसाठी देवनागरीतील एक चित्रमय अंकलिपी आणि आजी-आजोबांच्या कथांचे ध्वनिमुद्रण, एवढा आरंभही मोठा ठरेल. अहिराणीला घरात व ओवीत जपणाऱ्या खानदेशाला बोलीची माया निराळी समजावून सांगावी लागत नाही. ज्यांच्या भाषेचे भाषक लक्षावधी आहेत, त्यांनी दोन हजारांच्या भाषेची चिंता वाहावी, यातच समाजाच्या एकात्मतेची खरी कसोटी आहे.