हत्तीवरून साखर



प्रवरेच्या काठी आपले मनःपूर्वक स्वागत! भाषेच्या संमेलनाला स्वागताध्यक्ष साखर कारखान्यातला कसा, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपण या संमेलनात 'हत्तीवरून साखर वाटणे' हा वाक्प्रचार चर्चेला घेतलात. मग साखरेचा हिशेब आम्हालाच द्यावा लागणार.

आनंद झाला की मराठी माणसाला आकाश ठेंगणे होते, स्वर्ग दोन बोटे उरतो, अंगावर मूठभर मांस चढते. हे सगळे ज्याचे त्याच्यापुरते. हत्तीवरची साखर मात्र वाटेवरच्या प्रत्येकाची. बखरी चाळा: फत्ते झाली, राजपुत्र जन्मला, की तोफा होतात आणि साखरा वाटल्या जातात. तेव्हा घरोघरी गूळ असे. साखर महाग, बड्यांच्या घरची. हत्ती तर सरकारच्याच पीलखान्यात. तो रस्त्यात आला की सारी पेठ गोळा होणार, आणि वाड्यातला आनंद गावाचा होणार.

पुढे दरबार गेले, हत्ती गेले, वाक्प्रचार उरला. कोशकार दाते-कर्व्यांनी 1942 ते 1947 या काळात 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' काढून असे धन जपले. आजही एखादा बाप म्हणतो, "पोरगं दहावी सुटू दे, हत्तीवरून साखर वाटीन!" त्याच्या गोठ्यात फक्त एक म्हैस असते.

साखरेचे दिवसही पालटले. 1950 साली याच परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस पिकवणाराच मालक झाला. आता दिवाळी आली की सभासद कार्ड घेऊन सवलतीच्या साखरेसाठी रांगेत उभा राहतो. तिथे अंबारी नाही, वजनकाटा आहे. पूर्वी राजाच्या मर्जीने मिळणारी साखर आज तो हक्काने नेतो. एखादे पोते हलके भरले, तर भांडतोही!

मंडळी, शब्दांच्या मुळाशी जाऊन आपल्याला जे गवसेल, ते निबंधांच्या फायलींत बंद करू नका. शाळेत, चावडीवर, घरात वाटा. आनंद वाटायचा असतो, एवढे तर या वाक्प्रचाराने आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे.

राहण्या-जेवणाची व्यवस्था गावकऱ्यांनी हौसेने केली आहे. चहात साखर कमी वाटली, तर संकोच न करता मागा. या गावात तिला तोटा नाही.