नळाचं पाणी आणि आपलं मत



नवी मुंबईतल्या नेरूळच्या एखाद्या सोसायटीत सकाळी पाण्याची वेळ झाली की वॉचमन आधी खालच्या टाकीचं झाकण उघडून बघतो. धार बारीक असली की व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो, 'आज पंप एकदाच लागेल.' मग कुणी कपड्यांचं मशीन उद्यावर ढकलतं, कुणी बादल्या भरून ठेवतं.

हे पाणी येतं खालापूर तालुक्यातून, धावरी नदीवरच्या मोरबे धरणातून. भोकरपाड्याला ते शुद्ध होतं आणि मग शहराकडे निघतं. हे धरण नवी मुंबई महापालिकेनं महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका देशात मोजक्याच आहेत. शहर वाढणार, तेव्हा पाणी आपल्या हातात हवं, हा विचार त्यामागे होता. आपल्या करातून एवढा पैसा कशावर खर्च करायचा, हे ठरवणं म्हणजेच राजकारण.

अशा निर्णयांची झळही कुणाला तरी बसते. मोरब्यात जमिनी गेलेली कुटुंबं पुनर्वसनासाठी पुढंही आंदोलनं करत राहिली. त्याआधी हे शहर वसवतानाही असंच झालं होतं. १९७० मध्ये नवी मुंबई उभारण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या जमिनींसाठी चाललेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन द्यायचं धोरण आलं.

असे निर्णय निवडून आलेल्या नगरसेवकांनी घ्यायचे असतात; पण मे २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. आधी कोविड, नंतर आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद, यांत निवडणूक रखडत गेली. अर्थसंकल्प आयुक्तांनीच मांडायचा आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. अधिकारी कामसू असेलही, पण आपल्या गल्लीतली तुंबलेली गटारं सभागृहात मांडणारा माणूसच नव्हता. अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं.

मतदान केलं म्हणजे आपलं काम संपलं, असं मात्र मानू नका. दिल्लीत कोण काय बोललं यावर आपण तासन् तास वाद घालतो. आपल्या प्रभागाचे नगरसेवक कोण, हे अनेकांना सांगता येत नाही. पाणी कमी आलं तर टँकर जरूर मागवा, पण त्याच दिवशी विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि एक प्रत नगरसेवकाच्या हातात ठेवा. महिन्याभरानं त्याचं काय झालं, हे विचारायला पुन्हा जा, आणि जाताना शेजाऱ्यालाही बरोबर न्या. एकट्याचं गाऱ्हाणं फायलीत पडून राहतं; वीस घरांचं गाऱ्हाणं सभागृहात मांडावंच लागतं.