कोंते : एका गावाच्या दुधाचे चीज

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, ज्युरा पर्वताच्या उतारांवर तयार होणारे ‘कोंते’ हे चीज ज्याला नीट समजून घ्यायचे असेल, त्याने तेथील एका दिवसाच्या सहलीचा आरंभ भल्या सकाळी एखाद्या खेड्यातील ‘फ्रुइतिएर’पासून करावा. फ्रुइतिएर म्हणजे गावातील गोपालकांनी सहकाराने चालवलेली चीज बनवण्याची जागा. अशा संस्थांचे उल्लेख या प्रदेशात १३व्या शतकापासून सापडतात, आणि त्यांच्या जन्माचे कारण साधे पण सक्तीचे होते: डोंगरातला हिवाळा लांबलचक, त्या काळात पुरेल असे अन्न उन्हाळ्यातील दुधातूनच साठवायचे, आणि टिकण्यासाठी चीज मोठ्या आकाराचे हवे. जात्याच्या तळीसारख्या सपाट, गोल अशा कोंतेच्या एका चक्राचे वजन सुमारे ४० किलो भरते व त्याला ४०० लिटरहून अधिक दूध लागते. चार-पाच गाई बाळगणाऱ्या एका कुटुंबाच्या आवाक्यात हे येत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी दूध एकत्र केले. सहकार हा येथे आधी गरज होता, तत्त्व नंतर झाले.

आदल्या संध्याकाळचे आणि त्या पहाटेचे दूध तांब्याच्या भव्य कढईत एकत्र येते. त्यात आधी विरजण आणि मग रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून मिळणारे, दूध गोठवणारे द्रव्य घातले जाते. लिंबू पिळून पनीर करताना आम्लामुळे दूध एकदम फाटते. रेनेटने मात्र ते न फाटता खरवसासारखे एकसंध थिजते, आणि हाच फरक पुढे महिनोन् महिने मुरणाऱ्या चीजचा पाया ठरतो. थिजलेले दूध तारांच्या सुऱ्यांनी गव्हाच्या दाण्याएवढे बारीक कापून, ढवळत ढवळत ५३ अंशांच्या वर तापवतात. या टप्प्यावर यंत्रे जवळ असूनही कारागीर हात कढईत घालतो, मूठभर दाणे घट्ट दाबतो आणि मूठ उघडून पाहतो: गोळा आधी एकजीव राहिला पाहिजे आणि अंगठ्याने चोळताच पुन्हा दाणा-दाणा सुटला पाहिजे. तो तसा सुटला, की पाणी निथळण्यासाठी सारे साच्यांत जाते.

हे दूध कच्चेच वापरावे लागते. दुधाच्या पाश्चरीकरणाला ज्याच्यावरून नाव मिळाले, त्या लुई पाश्चरचा जन्म १८२२ साली याच ज्युरातील दोल गावी झाला आणि त्याचे बालपण जवळच्या आर्ब्वा येथे गेले. तरीही कोंतेच्या नियमांत दुधाच्या पाश्चरीकरणास जागा नाही, कारण कुरणातील वनस्पतींबरोबर व गोठ्यातून येणाऱ्या उपयुक्त सूक्ष्मजीवांवरच त्याची चव उभी असते. १९५८ साली या चीजच्या नावाला उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. दूध २५ किलोमीटर व्यासाच्या वर्तुळातूनच गोळा करावे लागते, ते प्रामुख्याने मोंबेलियार्द जातीच्या तांबड्या-पांढऱ्या गाईंचे असते आणि त्यांना मुरघास देण्यास मनाई असते, कारण मुरघासातून येणारे जिवाणू मुरत्या चीजला आतून फुगवतात व तडे पाडतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या श्रोत्यांना गावोगावच्या दूध संस्था परिचित आहेत. परंतु तेथे गावाचे दूध बहुधा मोठ्या संघाच्या टाकीत मिसळून जाते, तर ज्युरात ते गावातच चीज होते आणि त्या गावाची चव जपून ठेवते. हा भेद फार मोलाचा आहे.

दुपारनंतर पाहण्याजोगी जागा म्हणजे सेंत-आंत्वानचा किल्ला. प्रशियाबरोबरच्या युद्धातील पराभवानंतर, १८८०च्या सुमारास, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर तो सीमारक्षणासाठी बांधला गेला. दगडी कमानी आणि त्यांवर टाकलेला मातीचा थर यांमुळे आत बारमाही गारवा व ओल राहते, हे ओळखून मार्सेल पेतित या व्यापाऱ्याने १९६६पासून तेथे चीज मुरवण्यास सुरुवात केली. आज स्प्रूसच्या फळ्यांवर तेथे सुमारे एक लाख चक्रे विसावलेली असतात. कोंतेला किमान १२० दिवस मुरावे लागते. पुष्कळ चक्रे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ ठेवली जातात, आणि या काळात ती वारंवार उलटून मिठाच्या पाण्याने पुसावी लागतात. हे अंगमेहनतीचे काम आता बरेचसे यंत्रे करतात.

पारख मात्र माणसाकडेच राहिली आहे. पारखी चक्रावर हत्याराच्या मुठीने टकटक करतो आणि नादावरून आत पोकळी किंवा चीर आहे का, ते ओळखतो. मग हत्याराच्या पोकळ टोकाने एक बारीक कांडी काढून ती वाकवतो, हुंगतो, तिचा कण चाखतो, आणि कांडीचा बाहेरचा तुकडा पुन्हा त्याच छिद्रात बसवून बोटाने वरचे तोंड लिंपून टाकतो. त्या कांडीच्या रंगावरून ऋतूही वाचता येतो: हिरव्या कुरणात चरलेल्या गाईंच्या दुधाचे चीज पिवळे असते, वाळल्या गवतावर हिवाळा काढलेल्या गाईंचे हस्तिदंती.