झोपडपट्टी फुटबॉलची पहिली वर्षं

नागपूरच्या झोपडपट्टी फुटबॉलची सुरुवात २००१ सालच्या एका पावसाळी दिवशी झाली. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना वस्तीतली काही मुलं भर पावसात तुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. बादली नीट घरंगळत नाही, उसळत तर मुळीच नाही. तरी पोरांचा डाव रंगला होता. बारसे यांनी त्यांना फुटबॉल दिला. नागराज मंजुळे यांच्या २०२२ सालच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ही कहाणी घरोघरी पोचली. चेंडू देणं मात्र त्यातलं सगळ्यात सोपं काम होतं.

नागपूरला फुटबॉल नवा नव्हता. शेजारच्या कामठीत इंग्रजांची छावणी १८२१ सालची आणि कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव विदर्भात सगळ्यांना ठाऊक. वस्तीतल्या पोराला क्लबात शिरकाव मिळणं ही वेगळी गोष्ट. त्याच्याकडे बूट नसतात, ओळख नसते आणि संध्याकाळी कामधंद्याला हातभार लावायचा असतो. म्हणून बारसे यांनी निवडक खेळाडूंचा एक संघ न बांधता वस्त्यावस्त्यांची स्पर्धाच भरवली आणि तिला उघड उघड ‘झोपडपट्टी फुटबॉल’ म्हटलं. स्पर्धेला १२८ संघ आले. ज्या नावाने लोक हिणवतात तेच नाव स्पर्धेच्या फलकावर आलं, याचं मोल स्पर्धेतल्या चषकाहून कमी नव्हतं.

१२८ हा आकडा बाद पद्धतीला फार सोयीचा: सात फेऱ्या, १२७ सामने आणि एक विजेता. पण त्यातली मेख अशी, की पहिल्याच फेरीत ६४ संघ घरी जातात. त्या संघातल्या पोराच्या वाट्याला वर्षातून एकच सामना. स्पर्धेने मुलं गोळा होतात, टिकत नाहीत. टिकायची तर आठवड्याचे ठरलेले दिवस, ठरलेली वेळ आणि पाऊस असो वा परीक्षा, मैदानावर हजर राहणारं एक मोठं माणूस लागतं. म्हणून स्पर्धेच्या जोडीला क्रीडा विकास संस्था आणि नियमित सराव आला. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून बारसे यांनी नागपूरजवळ बोखारा इथे जमीन घेतली. निवृत्त शिक्षकाने पुंजी मैदानात घालावी, याला व्यवहारी माणूस वेडेपणाच म्हणेल. पण भाड्याच्या किंवा मेहेरबानीच्या मैदानावरून क्लबाला केव्हाही उठवता येतं. स्वतःच्या जागेवरून नाही.

पुढे या कामाला ‘स्लम सॉकर’ हे नाव मिळालं, बारसे यांचे चिरंजीव अभिजित कारभारात आले आणि मुलींसाठीही वर्ग निघाले. बेघरांच्या विश्वचषकाशी संस्थेचा संबंध जुळला. ही स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. तिचं मैदान जेमतेम २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका बाजूला गोलरक्षक धरून चार खेळाडू. सात-सात मिनिटांचे दोन डाव. गल्लीबोळात वाढलेल्या पोरांना असं मैदान परकं वाटत नाही. तिथे लांब पल्ल्याच्या किकपेक्षा पायातल्या पायात चेंडू खेळवण्याला जास्त किंमत असते. २०१६ साली ‘स्लम सॉकर’ला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला.

हे झालं नागपूरचं; पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या घोटावड्यासारख्या गावात असा क्लब निघायचा, तर अडचणी निराळ्या. इथे मातीला कुस्ती-कबड्डीची सवय आहे. पावसाळ्याचे चार महिने खाचरांत भात उभं असतं. कापणीनंतर जमीन मोकळी होते, पण बांध आणि धसकटं राहतातच. नागपूरचा अनुभव सांगतो की पूर्ण मापाचं मैदान सुरुवातीला लागत नाही. शाळेच्या पटांगणात पाच-पाच जणांचा खेळ भागतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा चेंडू पुरतो, त्यावरच्यांना पाच नंबरचा. लहानग्याच्या पायात मोठा चेंडू दिला की तो किक मारायलाच कचरतो.

कागदोपत्री कामही पुढेमागे करावं लागतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या पुणे कार्यालयात जातो. घटना, सभासदांची यादी, जागामालकाचं संमतिपत्र अशी कागदपत्रं जोडावी लागतात. हे सोपस्कार वर्षभर सराव टिकल्यानंतर केलेले बरे. आधी लेटरहेड आणि मग मुलं, या क्रमाने निघालेल्या मंडळांची पदाधिकाऱ्यांची यादी लांब असते आणि मैदान ओस.