माणसे राखणे आणि गिऱ्हाईक राखणे



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकता, राजकारण ऐकता, साहित्यातले वादही ऐकता. झाडू, फडके आणि फिनेलची बादली यांवर बोलणारा माणूस चालकांनी आज आपल्यापुढे उभा केला, हे त्यांचे धाडसच म्हटले पाहिजे. पुण्यात आम्ही साफसफाईचा एक लहानसा धंदा करतो. सोसायट्यांचे जिने, दवाखाने, कचेऱ्या झाडूनपुसून देणे हे आमचे काम. चौदा माणसे, दोन यंत्रे आणि एक टेम्पो एवढाच पसारा. आज बोलायचे आहे ते या धंद्याला लागणाऱ्या गळतीविषयी.

ही गळती दोन ठिकाणी लागते. आपण ज्याच्याकडे माणूस पाठवतो ते गिऱ्हाईकच त्या माणसाला परस्पर कामावर ठेवून घेते, ही एक. आणि आपलाच मुकादम काम शिकून, गिऱ्हाइके बरोबर घेऊन वेगळे दुकान थाटतो, ही दुसरी. आमच्या धंद्यात गुपित असे काही नाही. फिनेल बाजारात मिळते, यंत्र भाड्याने मिळते. विकायचा असतो तो विश्वास. आणि तो बसतो मालकावर नव्हे, तर रोज सकाळी किल्ली घेऊन येणाऱ्या मावशींवर.

आमच्यावर दोन्ही प्रसंग एकाच पावसाळ्यात आले. एका सोसायटीने आमच्या दोन मावशी ठेवून घेतल्या. चिटणिसांना भेटलो, तर ते शांतपणे म्हणाले, "पैसे आम्ही द्यायचे, काम त्यांनी करायचे, मध्ये दलाल कशाला?" दोन महिन्यांनी मुकादम गेला आणि त्याच्यामागोमाग तीन कचेऱ्या गेल्या. निम्मी आवक बुडाली. उरलेल्या माणसांचे पगार घरातले सोने गहाण ठेवून भागवले.

रागाच्या भरात आम्ही एका वकीलमित्राकडे गेलो. म्हटले, "असा कागद करून द्या, की आमच्याकडून सुटलेला माणूस दोन वर्षे या गावात झाडू हाती धरणार नाही." ते हसले आणि त्यांनी 1872 च्या करार कायद्यातले 27 वे कलम काढून पुढे ठेवले. कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल, असे ते कलम सांगते. चालता धंदा त्याच्या नावलौकिकासह विकला, तर विकणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येते; एवढाच काय तो त्यातला अपवाद.

हे कलम किती कडक आहे, ते 1874 सालच्या कलकत्त्याच्या एका खटल्यावरून कळते. एकाच भागात दोन तांबटांची दुकाने होती. एकाने दुसऱ्यास सांगितले, "तू इथले दुकान बंद कर, कारागिरांना दिलेली तुझी उचल मी भरून देतो." त्याने दुकान बंद केले, पण पैसे काही मिळाले नाहीत. तो कोर्टात गेला आणि हरला. कारण करारच मुळात रद्दबातल! पुढे 2006 साली आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले. कराराची मुदत संपल्यावर जाहिरात कंपनीला त्याच्यावर बंधन चालवता आले नाही. जो नियम नामांकित गोलंदाजाला, तोच आमच्या मावशींना.

मग मालकाच्या हाती काहीच नाही का? आहे, पण थोडे आहे. नोकरी चालू असेपर्यंत माणसाने दुसऱ्याचे काम करू नये, ही अट चालते. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातला सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तेव्हा 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरती मनाई कायम ठेवली. गिऱ्हाइकाशीही करार करता येतो. 2006 साली दिल्ली उच्च न्यायालयाने विप्रोच्या प्रकरणात म्हटले, की एकमेकांची माणसे फोडू नयेत हे कलम धंद्याला रोखणारे नाही. ते मोडले तर भरपाई मागता येते. ज्या नोकरांनी जागा बदलली, त्यांना मात्र कोणी अडवले नाही. हा भेद आम्हांला मोलाचा वाटला. फोडणाऱ्याकडून भरपाई मागावी. जाणाऱ्याच्या पोटावर पाय देऊ नये.

म्हणून आमच्या करारपत्रात आता साधी अट असते. आमचे माणूस परस्पर ठेवायचे असेल, तर एका महिन्याच्या बिलाइतकी रक्कम द्यावी. याहून मोठा आकडा आम्ही घालत नाही. 74 व्या कलमाप्रमाणे कोर्ट वाजवी तेवढेच देते. लिहिलेला आकडा ही वरची हद्द.

पण खरा धडा वकिलाकडे मिळाला नाही. तो मंडईत मिळाला. गेलेल्या दोघींपैकी एक मावशी तिथे भेटल्या. आम्ही विचारले, "मावशी, आमचे काय चुकले?" त्या म्हणाल्या, "दादा, तुमचा पगार कधी दहाला, कधी पंधराला. खोलीचे भाडे मला पाचला द्यावे लागते. आणि तीन वर्षांत तुम्ही त्या सोसायटीत एकदा तरी आलात का?"

आम्ही निरुत्तर झालो. पगार लांबला होता तो आमच्या हिशेबाच्या ढिलाईमुळे. गिऱ्हाइके मुकादमामागे गेली, कारण त्यांना आमचा चेहराच ठाऊक नव्हता. चोर घरात शिरला म्हणून आम्ही ओरडत होतो; दार मात्र आम्हीच सताड उघडे टाकले होते.

त्यानंतर पगार चार तारखेच्या आत करतो, गिऱ्हाइकाचे बिल येवो न येवो. दर महिन्याला प्रत्येक जागी स्वतः जातो. एका गिऱ्हाइकाची किल्ली आणि ओळख एकाच माणसाच्या हाती ठेवत नाही. मावशी आजारी पडल्या तर बदली माणूस त्याच दिवशी जाते. नवा मुकादम स्वतःचा धंदा काढू म्हणाला, तर त्याला म्हणतो, "उघड सांगून जा, लहान कामे आम्हीच तुझ्याकडे पाठवू." तरीही माणसे जातात. पण आता सांगून जातात, आणि एक तर परतही आली आहे.

आपल्यापैकी कित्येक जण सोसायट्यांचे चिटणीस असतील. त्यांना एवढेच विनवतो. दलाल वगळून मावशींना खुशाल ठेवा. त्यांना दोन पैसे जास्त मिळाले तर आम्हांला आनंदच आहे. पण पैशाबरोबर त्यांची सुटी, आजारपण, दिवाळी आणि जिन्यावरून पाय घसरला तर औषधपाणी, हेही घ्या. हे सगळे न घेता केवळ दलाली वाचवली, तर ती बचत मावशींच्याच पदरातून काढलेली असते. आणि आमच्यासारख्या लहान धंदेवाल्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उद्या कोणताही कागद नसता, तर आपली माणसे आपल्याकडे का राहिली असती?