सोनेरी हेड



मी मागच्या बाकावरचा. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. इंजिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काळं, तेलकट धूड येत असेल. पण जुन्या मिनीचं इंजिन हिरवं, सुरुवातीच्या एमजीबीचं मरून. अमेरिकेत १९६६पासून बरीच वर्षं फोर्डची इंजिनं निळी असत. बॉनेट उघडलं की घराणं कळतं.

१९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या ३.८ लिटर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचा. आणि त्यावर चक्क सोनेरी रंग. मी नवखा असताना अशी एक गाडी हाती आली. वाटलं, कुणा हौशी माणसानं फासलाय. दोन दिवस खपून मी तो खरवडला, धातू आरशासारखा चकाकवला.

म्हातारे मालक आले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. "तो कारखान्यातला रंग होता," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी पुन्हा सोनेरी रंग दिला, पैसे घेतले नाहीत. पण कारखान्यातला तो थर गेला तो गेलाच.

आपले चित्रकलेचे सर म्हणायचे, "आधी नीट बघ, मग ब्रश उचल." तेव्हा मी हसलो होतो. सर, आज हसत नाही.

शाळेच्या भिंती नव्या रंगात छान दिसतात. जिन्याखाली मात्र आपल्या वेळचा पिवळा अजून शिल्लक आहे. तेवढा राहू द्यावा, ही विनंती.