मुलं प्राणी कसे ओळखतात?

पुसदच्या बाजारात कडेवरचं दीड वर्षांचं मूल शेळीला 'भू-भू' म्हणतं. चार पाय आणि शेपूट, एवढ्यावर त्यानं गट पाडलेला असतो. शेळी, गाय, म्हैस रोज पाहून हा गट फुटत जातो. 'गाय', 'कुत्रा' ही नावं आधी येतात. 'प्राणी' हा व्यापक शब्द नंतर.

चौथ्या वर्षी समज खोल जाते. १९८६ साली सुसान गेलमन आणि एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञांनी या वयाच्या मुलांना चित्रं दाखवली. रोहित पक्षी पिल्लाला मऊ केलेलं अन्न भरवतो, वटवाघूळ दूध पाजतं, असं सांगितलं. मग वटवाघळासारखा दिसणारा काळा पक्षी दाखवून विचारलं, हा पक्षी काय भरवेल? बऱ्याच मुलांनी रोहित पक्ष्याप्रमाणे उत्तर दिलं. दिसण्यापेक्षा गट महत्त्वाचा, हे त्यांना कळत होतं.

म्हणून पालकांनो, अंगणवाडीताईंनो, नुसती नावं पाठ करून घेऊ नका. गोठ्यात, पूस नदीच्या काठी मुलांना विचारा: हा काय खातो? याचं पिल्लू अंड्यातून येतं का? उत्तर चुकलं तरी रागावू नका. 'तुला असं का वाटलं?' हे नक्की विचारा. मुलाचा विचार तिथंच कळतो.